खाणकामगाराचा मुलगा मंत्री झाला तेव्हां

आपल्यापैकीं एखादा मनुष्य निवडून आला, मंत्री झाला, म्हणजे गांवांत हलगी वाजते, गुलाल उधळतो, आणि ज्यांच्या अंगावर धड सदरा नाहीं तेही वर्गणी काढून त्याच्या गळ्यांत हार घालतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्यांना कचेरीच्या पायरीवर उन्हांत बसविलें, त्यांचा पोर कचेरींत खुर्चीवर बसलेला पाहून डोळे निवतात. परंतु हार सुकल्यावर पुढें काय, हें कोणी विचारीत नाहीं. तें विचारावें असें आम्हांस वाटतें, म्हणून आज इंग्लंडच्या एका मंत्र्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. गोऱ्या साहेबाची कथा आम्हांला कशाला, असें कोणी म्हणेल. पण हा साहेब आपल्यासारख्याच घरचा होता.

अनायरिन बेव्हन हें त्याचें नांव. (त्याच मंत्रिमंडळांत अर्नेस्ट बेव्हिन नांवाचे दुसरे मजूर पुढारी परराष्ट्रमंत्री होते, तेही शेतावर राबलेलें गरिबाचें लेंकरूं, पण ते निराळे.) वेल्स प्रांतांतील ट्रेडेगर या कोळशाच्या गांवीं १५ नोव्हेंबर १८९७ रोजीं तो जन्मला. बाप खाणींत कोळसा फोडी, आई कपडे शिवी. आईबापांना दहा मुलें झालीं, त्यांतलीं कांहीं लहानपणींच गेलीं. हा पोर बोलतांना अडखळे, म्हणून शाळेंत त्याची गणना ढ मुलांत. तेराव्या वर्षीं शाळा सुटली आणि तो खाणींत उतरला.

पण त्या गांवांत मजुरांनीं आपल्या पैशानें चालविलेलें एक वाचनालय होतें. दिवसभर कोळशाची धूळ खाऊन आलेला हा पोर रात्रीं तेथलीं पुस्तकें खाई. ज्या शब्दावर जीभ अडे तो शब्द टाळून त्याच अर्थाचा दुसरा शब्द तो शोधून ठेवी. असें करतां करतां त्याच्यापाशीं शब्दांचें एवढें भांडार झालें कीं पुढें पार्लमेंटांत ऑक्सफर्डचे पदवीधर त्याच्यापुढें उभे राहायला दचकत. १९१९ सालीं खाणकामगारांच्या संघानें त्याला दोन वर्षें लंडनच्या कामगार विद्यालयांत शिकायला पाठविलें. १९२१ सालीं परत आला तों मालकांनीं दार लावून घेतलें. शिकलेला आणि वर बोलणारा मजूर कोणाला हवा असतो? पुढचीं तीन एक वर्षें त्यानें बहुतेक बेकारींत काढलीं. १९२५ सालीं बाप वारला. कोळशाच्या धुळीनें छाती भरून येण्याचा तो रोग. त्या काळीं त्याला भरपाईसुद्धां नव्हती. छातीचा भाता थांबला, एवढाच हिशेब.

आतां जी गोष्ट आम्हांला मुख्यतः सांगावयाची आहे ती अशी. ट्रेडेगरांत मजुरांनीं एक औषधोपचार मंडळी काढली होती. ज्यानें त्यानें आपल्या मजुरींतून दर पौंडामागें तीन पेनी द्यावयाच्या. त्या वेळच्या पौंडाच्या पेनी २४०. म्हणजे शंभर रुपये मिळविणाऱ्यानें सव्वा रुपया बाजूला टाकावयाचा. या पैशांतून मंडळीनें डॉक्टर नोकरीस ठेवले, दायी ठेवल्या, दंतवैद्य ठेवला. मजुराची बायको, मुलें, म्हातारे आईबाप सर्वांना उपचार. आणि गांवांतील बहुतेक सारीं कुटुंबें त्यांत सामील. डॉक्टर मजुरांचा नोकर, मजूर डॉक्टरचा आश्रित नव्हे! बेव्हन तेथील इस्पितळाच्या कमिटीवर होता. पुढें मंत्री झाल्यावर तो म्हणे कीं मी नवें कांहींच केलें नाहीं, आमच्या ट्रेडेगरचा कित्ता साऱ्या देशाला गिरवायला लावला. जें गांवच्या गरिबांनीं पै पै जमवून करून दाखविलें होतें, तेंच तो कायद्याच्या पुस्तकांत घेऊन गेला. आमच्या पुढाऱ्यांचें बहुधा उलट होतें. ते राजधानींत जाऊन तेथला कित्ता गिरवून येतात.

१९२२ सालीं तो गांवच्या कौन्सिलांत निवडून आला, १९२८ सालीं जिल्ह्याच्या, आणि १९२९ सालीं एब्बू व्हेल मतदारसंघांतून पार्लमेंटांत. तो सांगत असे कीं लहानपणीं मला कोणी तरी सांगितलें, सत्ता कौन्सिलांत असते. तेथें गेलों तर ती नुकतीच जिल्ह्याला गेली होती. जिल्ह्याला गेलों तर तेथूनही निसटलेली. मला दिसलें तें फक्त कोपऱ्यावरून वळणाऱ्या तिच्या कोटाचें शेपूट. ग्रामपंचायतींत बसलेल्या आमच्या वाचकांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

महायुद्धांत सारा देश चर्चिलसाहेबांचा जयजयकार करीत असतांही हा गृहस्थ त्यांना पार्लमेंटांत उभें राहून जाब विचारी. चर्चिलनीं त्याला शिव्या दिल्या. १९४५ सालीं मजूर पक्ष निवडून आला आणि ॲटलीसाहेबांनीं या ४७ वर्षांच्या माणसाच्या हातीं आरोग्य व घरबांधणी हीं दोन्ही खातीं दिलीं. घरांच्या बाबतींत त्याच्यावर टीका झाली कीं घरें भराभर उठत नाहींत. त्याचें म्हणणें, मजुराला खुराडें बांधून द्यावयाचें नाहीं. घर बांधावयाचें तर ऐसपैस बांधूं.

आरोग्याची तेव्हांची स्थिति अशी होती. १९११ च्या विमा कायद्यानें मजुराला स्वतःपुरता डॉक्टर मिळे. त्याच्या बायकोला नाहीं, मुलांना नाहीं. घरची बाई दुखणें अंगावर काढी, आणि अगदीं आडवी पडली म्हणजे पैशाची शोधाशोध होई. म्हातारे लोक दुकानांत मांडलेले चष्मे एकेक डोळ्याला लावून पाहात आणि त्यांतल्या त्यांत बरा दिसेल तो घेत. कांहीं इस्पितळें धर्मादाय होतीं. तीं श्रीमंतांच्या देणग्यांवर आणि रस्त्यांत झेंडे विकून चालत. बेव्हनचा या दयेवर मोठा राग. इलाज हा हक्क आहे, भीक नव्हे, हें त्याचें सूत्र. १९४६ सालीं त्यानें कायदा संमत करून घेतला. अडीच हजारांवर इस्पितळें सरकारनें ताब्यांत घेतलीं. आणि ठरलें कीं खर्च लोकांच्या करांतून चालावा, आजाऱ्याला दारांत कोणी पैसे मागूं नये, आणि तूं गरीब आहेस याचा दाखला आण असेंही म्हणूं नये.

यावर डॉक्टरांनीं जो गहजब केला तो वाचण्यासारखा आहे. त्यांच्या ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एका माजी चिटणिसानें तर ही नाझी राज्याची पहिली पायरी म्हणून लिहिलें. १९४८ च्या आरंभीं डॉक्टरांचीं मतें घेतलीं तेव्हां चाळीस हजारांवर विरुद्ध पडलीं, पांच हजारांच्या आंत अनुकूल. या विरोधाचें एक मूळ सांगण्याजोगें आहे. तेथें डॉक्टरकीची गिऱ्हाइकी विकत घेतां-देतां येत असे. म्हातारा डॉक्टर आपल्या आळींतले रोगी नव्या डॉक्टरला किंमत घेऊन विकी. रोग्याला कोणी विचारीत नसे. आपल्याकडील कुळकर्णी वतन ज्यांच्या वाडवडिलांनीं भोगलें—भोगलें म्हणजे सोसलें—त्यांना ही रीत परकी वाटूं नये. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हां धर्म बुडाला म्हणून ओरड झाली; इंग्लंडांत स्वातंत्र्य बुडालें म्हणून झाली. बुडत होतें तें वतन. बेव्हननें ही खरेदी-विक्री बंद केली, पण ६ कोटि ६० लाख पौंड भरपाई देऊन.

येथें त्याच्या पदरांत एक उणें घालणें प्राप्त आहे. मोठमोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना वळविण्यासाठीं त्यानें सरकारी इस्पितळांतच त्यांना पैसेवाल्या खाजगी रोग्यांसाठीं खाटा राखून ठेवूं दिल्या. त्यांचीं तोंडें सोन्यानें भरलीं, असें तो पुढें म्हणाल्याचें सांगतात. तडजोडीवांचून योजना झाली नसती हें खरें. तरी त्या खाटांचें भांडण पुढें कैक वर्षें चाललें. जीभही त्याला आवरत नसे. योजना सुरू होण्याच्या आदल्याच दिवशीं त्यानें विरुद्ध पक्षाला किड्यांहून हलके म्हटलें, आणि ज्या दिवशीं त्याचें कौतुक व्हावयाचें त्या दिवशीं त्या शब्दांचीच चर्चा झाली. गरिबीचे चटके बसलेल्या माणसाच्या तोंडून असें निघतें. पण शत्रूच्या हातीं काठी देण्याची ही हौस आमच्या चळवळीलाही महाग पडलेली आहे.

५ जुलै १९४८ रोजीं योजना सुरू झाली. बहुतेक डॉक्टरांनीं निमूटपणें नांवें नोंदविलीं. आणि दवाखान्यांत रांगा लागल्या त्या बायांच्या! वर्षानुवर्षें दाबून ठेवलेलीं दुखणीं घेऊन त्या आल्या. चष्म्यांना आणि दांतांच्या कवळ्यांना इतकी मागणी आली कीं अंदाजपत्रकाचे आंकडे कोलमडले. टीकाकार म्हणाले, फुकट म्हणून लोक लुटताहेत. ज्याला दांत नाहींत त्यानें कवळी मागितली, याला लूट म्हणणाऱ्यांचे स्वतःचे दांत शाबूत असावेत.

आणि खरी परीक्षा १९५१ सालीं झाली. कोरियांत लढाई सुरू होती. तीन वर्षांत ४७० कोटि पौंड शस्त्रांवर खर्चावयाचे सरकारनें ठरविलें, आणि अर्थमंत्री गेट्स्केल यांनीं चष्मे व कवळ्यांचा निम्मा खर्च रोग्यांकडून घ्यावा असें सुचविलें. त्यांतून त्या वर्षीं मिळणार होते अवघे १ कोटि ३० लाख पौंड. बेव्हन तेव्हां मजूरमंत्री होता. आरोग्यखातें त्याच्याकडे राहिलेंही नव्हतें. त्यानें एप्रिलांत राजीनामा दिला. हॅरोल्ड विल्सन, जे पुढें १९६४ सालीं पंतप्रधान झाले, तेही त्याच्याबरोबर बाहेर पडले. म्हातारीच्या चष्म्यासाठीं मंत्रिपद सोडणारा मनुष्य वेडा ठरला. हेव्यानें सोडलें, अर्थमंत्रिपद मिळालें नाहीं म्हणून सोडलें, असेंही लोक बोलले. त्यांत थोडें तथ्य असेलही. पण एवढीं शस्त्रें इतक्या वेळांत होणारच नाहींत, हें त्याचें म्हणणें पुढें चर्चिलच्या सरकारलाच मान्य करून तो कार्यक्रम लांबवावा लागला.

आमच्याकडे याच सुमारास काय चाललें होतें? १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली गेली. हे भोर जन्मानें नाशिकचे. पैसे नाहींत म्हणून कोणीही उपचारावांचून राहूं नये, असें त्यांच्या कमिटीनें १९४६ सालीं लिहून दिलें. म्हणजे बेव्हनचा कायदा झाला त्याच वर्षीं. तिकडे कायद्याचें इस्पितळ झालें, इकडे अहवालाचें कपाट झालें. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें आपल्या जीवनदायी योजनेला महात्मा जोतीरावांचें नांव दिलें. तिनें अनेकांचे जीव वाचले, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आजार यादींत बसला तर आणि इस्पितळ यादींतलें असलें तर. तोंवर रोजच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या आणि तालुक्याला जाण्याचें भाडें घरचेंच. बैल विकून बाळंतपण आणि शेत गहाण टाकून ऑपरेशन, हा हिशेब ज्या घरांनीं केला आहे त्यांनीं मतें मागायला येणाऱ्याला जात-कूळ विचारण्याआधीं तालुक्याच्या दवाखान्यांत डॉक्टर किती आणि औषधें किती, एवढें विचारावें. आपल्यांतला असेल तर दोनदां विचारावें.

बेव्हन पुन्हां मंत्री झाला नाहीं. १९५७ सालीं अणुबॉम्ब सोडून देण्याच्या ठरावाला विरोध करून त्यानें आपल्याच अनुयायांना दुखविलें. १९५९ सालीं तो पक्षाचा उपनेता झाला, आणि ६ जुलै १९६० रोजीं वारला. शेवटपर्यंत तो एब्बू व्हेलचाच प्रतिनिधि होता. त्याची पत्नी जेनी ली, तीही खाणकामगाराचीच मुलगी. तिनें पुढें मंत्री होऊन, शाळा सुटलेल्यांना घरबसल्या पदवी मिळावी म्हणून मुक्त विद्यापीठ उभें करविलें. त्याच्या वेल्समध्यें २००७ सालापासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरचें औषध फुकट मिळतें. शेजारच्या इंग्लंडांत मात्र त्या चिठ्ठीला अनेकांना अजून पैसे पडतात.