माणसे फडावर, मोजणी गावात

वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

‘आमचे गाव’ हा निबंध आपल्याला दरवर्षी असतो. लोकसंख्या आणि दळणवळण असे दोन मुद्दे फळ्यावर असतात, आणि आपण ते वेगवेगळे लिहितो. माझे मत असे की, आपल्या वाडीपुरते ते दोन नाहीतच. माणसे कमी भरतात म्हणून रस्ता नाही, अन् रस्ता नाही म्हणून गाडी नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. सर्वसाधारण भागात ज्या वस्तीत ५०० माणसे, तिला बारमाही रस्ता, असा तिचा नियम. डोंगरी राज्ये, वाळवंट आणि आदिवासी भाग यांना २५० ची सूट आहे. २०२४ साली योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, त्यात २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले आहेत.

ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. फेब्रुवारीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या कशा असतात ते पालकांना मी काय सांगू! दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो. उचल घेतलेली असते, त्यामुळे जावेच लागते. आमच्या आळीत अकरा घरे आहेत, त्यातल्या सात घरांना कुलूप लागते. मागे राहतात आज्या, आजोबा, आमच्यासारखी शाळेची पोरे आणि कुत्री. मोजणीचा नियम असा की, त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही त्याला तो असेल तिथे मोजायचे. म्हणजे आई-अण्णा कारखान्याजवळच्या कोपीत मोजले जाणार. मोजायला गुरुजीच येतात, त्यांचा यात काही दोष नाही. कुलपाला ते काय विचारणार? पण उन्हाळ्यात हीच माणसे घरी येतात आणि पावसाळाभर चिखल तीच तुडवतात.

काही जण म्हणतात, एवढ्याशा माणसांसाठी डांबर कशाला ओतायचे. मला हे पटत नाही. एवढीशी की किती, ते आषाढात येऊन मोजा की! आणि समजा थोडीच भरली, तरी मागे राहिलेल्यांनाच गाडी जास्त लागते. ऊस तोडणारा ट्रकमध्ये बसून जातो; दवाखान्याला आजीला जायचे असते.

आजीचीच गोष्ट घ्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांच्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. माझ्या आजीला म्हणजे एक पैसा लागत नाही. पण गाडी थांबते फाट्यावर आणि फाटा तीन किलोमीटर. मधल्या ओढ्याला पाणी आले की फुकटची गाडीसुद्धा महाग पडते. ड्रायव्हरकाकांना तरी काय बोलणार, चाक रुतले तर ओढायचे कोणी? १९९५ साली मंजूर झालेली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला पोहोचली, त्याचा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. आजी मात्र विचारते, “रेल्वे फाट्यावर येती का?”

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. म्हणजे परत ऐन हंगामात. ती तारीख आपल्या हातात नाही. पण त्याआधी १५ ऑगस्टची ग्रामसभा आहे, तेव्हा सगळे घरी असतात. (२६ जानेवारीच्या ग्रामसभेचा काही उपयोग नाही, तेव्हा निम्मे गाव फडावर.) ऊसतोडीला कोण कोण जाते त्यांची नावनिशीवार यादी करून ग्रामपंचायतीने ठराव करावा, आणि रस्ता मागताना जनगणनेच्या आकड्याशेजारी हा पावसाळ्यातला आकडाही लावावा, असे मला वाटते.

यादी लिहायला आम्ही सातवीची मुले-मुली तयार आहोत. वही गुरुजींच्या टेबलावर ठेवली आहे. आज आलेल्या पालकांनी जाताना आपल्या घरातली नावे सांगावीत, तान्ह्या लेकरासकट.