हजारो वर्षांची तयारी, एका मुलासाठी

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही विज्ञान-कादंबरी १९६५ साली आली. १९८५ पर्यंत तिचे सहा भाग निघाले. २०२१ आणि २०२४ साली त्यावर सिनेमे आले. ‘यातल्या बायका काय जबरदस्त आहेत!’ असे आमच्या शिरूरच्या कॉलेजातल्या मुली सांगतात. मी सहाही भाग वाचले. माझे मत वेगळे आहे.

गोष्ट वाळवंटी ग्रहाची. तिथे मेलेल्या माणसाच्या देहातले पाणीसुद्धा टोळी काढून घेते. दुष्काळ सोसलेल्या आपल्याला हे चटकन भिडते. पण एकीकडे भीमेच्या पाण्यावर दौंडचा ऊस उभा आणि दुसरीकडे शिरूरच्या कोरडवाहू गावात टँकरपुढे हंड्यांची रांग, हे पाहणारी बाई पहिला प्रश्न विचारते: पाणी भरते कोण? लेखकाला पाण्यावरची सत्ता दिसते, त्यासाठीची लढाई दिसते. रोजचा हंडा त्याच्या खिजगणतीत नाही.

आता त्या जबरदस्त बायका. ‘बेने जेसेरिट’ हा बायकांचा संघ. विद्वान, करारी, बादशहांना खेळवणारा. पण हजारो वर्षे घराण्यांच्या जोड्या जुळवून त्यांना घडवायचा असतो एक महापुरुष! जेसिकाला मुलगी जन्माला घालण्याचा हुकूम असतो. तिच्या माणसाला मुलगा हवा, म्हणून ती मुलगा जन्माला घालते आणि पुढचे सारे महाभारत घडते. बरे, ती मुलगी तरी कशासाठी हवी होती? त्या महापुरुषाची आई व्हावी म्हणूनच.

हे परग्रहावरचे वाटते का, मैत्रिणींनो? गर्भलिंगपरीक्षेवर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. वर पुन्हा ‘बाईलाच मुलगा हवा असतो’ हे आपल्यालाच ऐकवतात. तो हवा असायला तिला कोण भाग पाडते, ते कोणी बोलत नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी नायक गादीसाठी राजकन्येशी लग्न करतो. त्याची चानी लग्नाविनाच राहते. तशीच राहिलेली जेसिका तिला दिलासा देते, की इतिहास आपल्यालाच बायको म्हणेल. पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या ‘दुसरी’ला हा दिलासा देऊन बघा! पुढच्या भागात चानी बाळंतपणात मरते.

शेवटच्या दोन भागांत सत्ता बायकांच्या हाती आहे, हे खरे. पण त्यांच्याशी लढणाऱ्या बायकांचे मोठे हत्यार कोणते? शरीरसुखाने पुरुषांना गुलाम करणे. बाईच्या सत्तेचे लेखकाला हेच रूप सुचते.

रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेने १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिले. मोजकीच पाने. त्यात विद्यापीठातल्या बायका ढगांतून पाणी उतरवतात, सूर्याची उष्णता साठवतात. कोणा महापुरुषाच्या जन्माची वाट बघत बसत नाहीत.

तेव्हा पडद्यावर जबरदस्त बाई दिसली की एवढेच विचारा: हिची बुद्धी, हिची कूस, हिचे कष्ट कोणाच्या कामी येतात? आणि शिबिरांत मुलींच्या हाती कागद द्या. शिरूरची गोष्ट त्यांना लिहू द्या, हंड्यासकट.