भाडेकरूची बाजू

कोलकात्याला किशोरवाचनाचं जुनं वेड. उपेंद्रकिशोर राय यांनी १९१३ मध्ये काढलेल्या ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातच १९६५ साली फेलूदा हा गुप्तहेर अवतरला. याच शहरात २ जुलै १९९९ रोजी देशातली पहिली प्राइड पदयात्रा निघाली आणि त्याच वर्षी समलैंगिक व उभयलैंगिक स्त्रियांसाठी ‘सॅफो’ हा गट उभा राहिला. या चळवळीने उभयलैंगिकांना नावानिशी जागा दिली. कुमारांच्या पुस्तकांत मात्र ती अजून शोधावी लागते.

मराठीतही तेच. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडं एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. दोघं आपापली बाजू सांगतात. भाडेकरूला ना नाव, ना निवेदन. त्याचं नसणं हाच कादंबरीचा कणा, हे मान्य. शिवाय ती कुमारांसाठी लिहिलेलीही नाही. पण कुमारांसाठी दुसरं काही हाताशी नसलं, की सतरा वर्षांच्या वाचकाच्या मनात निघून गेलेल्या त्या माणसाचंच चित्र उरतं, आणि दोघांवर जीव जडणारा म्हणजे दोघांना फसवणारा, हा समज घट्ट होतो. ‘या वयात मन ठरलेलं नसतं, मग शिक्का कशाला?’ असं म्हटलं जातं. पण शाळकरी मुलामुलीच्या पहिल्या प्रेमाच्या कथा आपण कौतुकाने छापतो, तेव्हा ही शंका कुणालाच येत नाही. शिक्का नकोच. भाडेकरूला त्याच्याच तोंडून बोलू देणारी चार पानं हवीत.