पिचकारीची सफाई आणि सांजवात

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, तो वाचकांस सांगावासा वाटतो. मोटारीचें एंजिन अडखळतें म्हणून आमच्या पुतण्यानें इंधनाचे इंजेक्टर स्वतःच साफ करण्याचें मनांत घेतलें. वेळ दिवेलागणीची, जागा मागील दारची कोंदट पडवी. नळी सैल होतांच पेट्रोलची चिळकांडी उडाली, आणि नेमक्या त्याच क्षणीं आमच्या मातोश्री सांजवात घेऊन तुळशीकडे निघाल्या होत्या. सूनबाईंना वास आला. त्यांनीं हांक मारून मातोश्रींना उंबरठ्यावरच थांबविलें, म्हणूनच हे चार शब्द आज लिहितां येत आहेत.

मुलाची जिज्ञासा आम्हांस वाईट वाटत नाहीं. परंतु तिला ज्ञानाची जोड हवी. इंजेक्टर म्हणजे विजेच्या इशाऱ्यानें उघडझांप करणारी सूक्ष्म पिचकारीच. साध्या पेट्रोल मोटारींत तिच्या नळींत सुमारें ३ ते ४ बार दाब असतो, आणि एंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोंचते.

म्हणून क्रम असा ठेवावा. दोष प्लगचा किंवा एअर फिल्टरचा नाहीं, याची आधीं खात्री करावी. मळ थोडा असेल तर टाकींत घालावयाचें शोधक द्रव्य, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणांतच घातलेलें, पुष्कळदां पुरतें. इंजेक्टर काढणें भागच पडल्यास काम भर दिवसा व उघड्यावर करावें. इंधनपंपाचा फ्यूज काढून एंजिन चालवावें. तें आपोआप बंद पडलें म्हणजे दाब बहुतांशीं उतरतो. एंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी. जोडावर फडकें धरूनच नळी सैल करावी. डोळ्यांस चष्मा, हातांस मोजे, आणि जवळ पावडरीचें अग्निशामक असावें. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतणें म्हणजे ती पसरविणेंच होय. छिद्रांत सुई अथवा तार घालूं नये. रबरी कडीं नवीं बसवावीं, आणि सर्व जोडल्यावर एंजिन सुरू करण्यापूर्वीं नुसता पंप चालवून गळती पहावी.

डिझेलची गोष्ट मात्र निराळी. कॉमन रेल एंजिनांत दाब १६०० ते २००० बारपर्यंत चढतो. तेथील केसाएवढी धारही कातडी भेदून आंत शिरते. जखम टाचणीच्या टोंकाएवढी दिसते, प्रथम फारशी दुखतही नाहीं. परंतु तीपायीं बोट गमावण्याची पाळी येते. अशा वेळीं घरगुती लेप न लावतां तत्काळ रुग्णालय गांठावें. हें काम जाणत्या कारागिरावरच सोंपवावें, हें उत्तम.

पुतण्यानें पुढच्या रविवारीं सकाळीं, अंगणांत, याच क्रमानें काम पुरें केलें. त्या सायंकाळीं वात लावण्यापूर्वीं मातोश्रींनीं विचारलें, “आटोपलें ना रे तुझें?” घरांतील माणसांनीं एकमेकांस असें विचारून घेणें आम्हांस कोणत्याही अग्निशामकाइतकेंच मोलाचें वाटतें.