दाद देण्याची जबाबदारी

शार्ल-मारी विदोर हा फ्रेंच संगीतकार 1932 साली 88 वर्षांचा होता. त्या वर्षी पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमधल्या पाइप ऑर्गनवर त्याने आपल्याच पाचव्या ऑर्गन सिंफनीतली ‘टोकाटा’ वाजवली आणि तिचं ध्वनिमुद्रण झालं. रचना 1879 ची. आज ती जगभर लग्नांत आणि सणासुदीला वाजते, आणि वाजवणारे बहुतेक जण ती भरधाव वाजवतात. विदोर मात्र संथ वाजवतो. हे मुद्रण इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं. आमच्या गोवंडीत ते ऐकलं गेलं, तेव्हा त्याच्यावरून चांगलाच वाद झाला.

आमच्यातला एक कॉलेजकुमार कीबोर्ड शिकतो. तो लगेच म्हणाला, “आजोबांचे हात आता चालत नाहीत.” देवनार गावठाणातल्या अंकलनी उभ्या आयुष्यात चर्चच्या गायनवृंदात पुष्कळ गायलंय. ते त्याला म्हणाले, “अरे बाबा, रचना त्याची, ऑर्गन त्याचा, चर्चही त्याचंच. मग वेग कुणाचा धरायचा?”

अंकलचं म्हणणं मला पटतं. विदोर त्या चर्चचा ऑर्गनवादक झाला 1870 साली आणि पुढे साठ वर्षांहून जास्त काळ त्याच जागी बसला. अरिस्तीद कावाये-कोल या कारागिराने 1862 मध्ये पूर्ण केलेलं ते वाद्य आणि ती उंच दगडी इमारत या दोन्हींचा स्वभाव त्याला पुरता ठाऊक होता. तिथे सूर सुटला की लगेच विरत नाही, हवेत रेंगाळतो. वेग वाढवला की मागचा सूर पुढच्यावर चढतो आणि सगळा गलका होतो. पुढच्या आवृत्तीत विदोरने स्वतःच छापील वेगाचा आकडा खाली आणला होता. हे कळल्यावर ते मुद्रण पुन्हा ऐकावं. मग त्या संथपणात थकवा ऐकू येत नाही, निर्णय ऐकू येतो.

आमचं हे ऐकणं साधं आहे. आठवडाभर ज्याला जे वादन सापडेल ते तो इतरांना पाठवतो आणि सुटीच्या सकाळी आम्ही एकत्र बसून ते बऱ्या स्पीकरवर ऐकतो. अंकल आणि हा मुलगा तर असतातच. अणुशक्तीनगरातून निवृत्त झालेले एक काका येतात. शेजारच्या वहिनी येतात, त्यांचं बालपण संगीत नाटकांच्या तालमी ऐकण्यात गेलं. हार्बर लाइनची गाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरतात आणि आम्ही वादन थांबवून थोडं मागे नेतो. ऐकून झालं की प्रत्येकाने मत द्यायचंच, आणि ते का हेही सांगायचं.

गोवंडीत पाइप ऑर्गन कशाला, असं मला बरेच जण विचारतात. मी त्यांना संगीत रंगभूमीची आठवण करून देते. ऑर्गनच्या वादनाला दाद देणं मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वीच शिकला. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. ते ऐकायला आलेले लोक नुसतं गाणं ऐकून घरी जात नव्हते. साथ कशी झाली याचीही चर्चा करत. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी (1925–1996) ऑर्गन आणि हार्मोनियम अशा उंचीला नेली की कित्येकांना नाट्यपद म्हटलं की गायकाबरोबर त्यांची साथही आठवते. गायकाने घेतलेली जागा ऑर्गनवर तशीच्या तशी उमटली की प्रेक्षागृहातून जो हुंकार यायचा, तो जाणकारांचा निकालच असायचा.

आपला रंगभूमीवरचा ऑर्गन आणि चर्चमधला पाइप ऑर्गन ही दोन वेगळी वाद्यं आहेत. आपल्याकडचा ऑर्गन पायाने भाता चालवायचा. त्यात पितळी पट्ट्या हवेच्या ओढीने कंप पावतात आणि गुडघ्याने दांडा ढकलून आवाज लहानमोठा करता येतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली एस्टी ही कंपनी एकटीच असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन करून गेली. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते आणि तिच्यात दाबाखालची हवा सोडली जाते. नळ्या धातूच्या किंवा लाकडाच्या, काही पेन्सिलीएवढ्या, काही दोन मजले उंच. वादक हातांनी एकावर एक असलेले अनेक कीबोर्ड वाजवतो आणि पायांनी खालचा. कोणत्या नळ्यांना हवा मिळावी हे तो बाजूच्या खुंट्या ओढून ठरवतो. त्या खुंट्यांना स्टॉप म्हणतात. सँ-सुल्पीसच्या वाद्यावर हातांचे पाच कीबोर्ड आणि शंभर स्टॉप होते.

एका बाबतीत मात्र दोन्ही वाद्यं सख्खी आहेत. सूर बोटाखाली आहे तोवर तो चालूच राहतो. छेडलेल्या तारेचा सूर आपोआप विझतो, गाणाऱ्याला श्वास घ्यायला थांबावंच लागतं. ऑर्गनला थांबण्याची गरज नाही. म्हणून कुठे थांबायचं, बोट कधी उचलायचं, हे वादकालाच ठरवावं लागतं. पाइप ऑर्गनवर तर पट्टी जोरात दाबा की हळू, सुराचा जोर बदलत नाही. मग भाव आणायचा तो विरामातून, दोन सुरांमधल्या फटीतून आणि नळ्यांच्या निवडीतून. वहिनींना पाश्चात्त्य संगीताची परिभाषा येत नाही, पण कुठलंही वादन लागलं की त्या पहिल्यांदा विचारतात, “हा वाजवणारा श्वास घेतोय का?” बाखची फ्यूग असो की विदोरची टोकाटा, याहून नेमकी कसोटी मला आजवर कुणी सांगितलेली नाही. वहिनींना ती नाट्यपदांच्या साथीने शिकवली. गायिका श्वास घेते तिथे ऑर्गनही क्षणभर सैल होतो आणि पुन्हा तिच्याबरोबर उठतो. वाजवणाऱ्याला शब्द कळले नसतील, तर तो विराम कधीच जमत नाही.

या कसोटीआधी दुसरी काळजी घ्यावी लागते. ती सवय काकांनी आम्हाला लावली. आपण नक्की काय ऐकतो आहोत, हे ते आधी विचारतात. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला साधारण 32 कंपनांचा असतो, बत्तीस फुटीचा साधारण 16 चा. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला हे सूर काढताच येत नाहीत. त्यामुळे मोबाईलवर ऐकून “पायांचं वादन दुबळं आहे” असं म्हणणारा माणूस वादकाला नाही, मोबाईलला गुण देत असतो. माईक कुठे ठेवला होता, हेही पाहावं लागतं. वाद्याजवळ ठेवला तर पट्ट्यांची खटखट येते आणि इमारत ऐकूच येत नाही. दूर ठेवला तर इमारत भरभरून ऐकू येते, पण बोटांचं काम पुसट होतं. पुन्हा हल्ली इंटरनेटवरच्या कितीतरी वादनांत प्रत्यक्ष नळीतून हवा गेलेलीच नसते. जुन्या, नावाजलेल्या वाद्यांची एकेक नळी वेगवेगळी ध्वनिमुद्रित करतात आणि संगणकातून ते सूर घरबसल्या वाजवता येतात. हाउप्टवेर्क ही अशी एक प्रसिद्ध प्रणाली. त्यात वाईट काही नाही. ज्याच्या शहरात मोठं वाद्य नाही त्याच्यासाठी तो मोठाच आधार आहे. पण तसं वादन आणि गारठलेल्या चर्चमध्ये, वर्षानुवर्षं न सुरावलेल्या वाद्यावर केलेलं वादन एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. तो कीबोर्ड शिकणारा मुलगा आता दुवा पाठवताना वाद्य कोणतं, कुठलं, मुद्रण कधीचं, हे शोधून त्याखाली लिहून पाठवतो. तेव्हापासून आमचे वाद थोडे थांबले आणि चर्चा वाढली.

गेल्या काही काळात सर्वांत रंगलेली चर्चा पॅरिसच्या नोत्र-दामची. एप्रिल 2019 च्या आगीत त्या कॅथेड्रलचं छप्पर जळालं, पण सुमारे आठ हजार नळ्यांचा मोठा ऑर्गन वाचला. शिशाच्या धुळीने माखलेलं ते वाद्य उतरवून, स्वच्छ करून, पुन्हा सुरावून बसवावं लागलं. 7 डिसेंबर 2024 ला कॅथेड्रल उघडलं तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला एकेक आवाहन करायचं आणि वादकांनी प्रत्येक आवाहनाला आयत्या वेळी सुचेल ते उत्तर वाजवायचं, असा विधी झाला. ती उत्तरं पुष्कळांना कर्कश वाटली. आमच्याकडेही वाटली. पण अंकल म्हणाले, आग पाहून आलेलं वाद्य पहिल्याच शब्दाला गोड कसं बोलेल? वहिनींना मात्र पहिल्या उत्तरांपेक्षा पुढची उत्तरं खरी वाटली, कारण तिथे वादक ऐकून मग बोलत होता. दोघांची मतं जुळली नाहीत. मला ती दोन्ही मोलाची वाटली, कारण दोघांनीही आपण काय ऐकलं ते सांगितलं. “मस्त” किंवा “बकवास” म्हणून अंगठा वरखाली करून पुढे गेले नाहीत.

मी यावर इतकं लिहिते आहे, कारण उथळ निकालाची किंमत इतरांना मोजावी लागते. आपल्याच देशात हे घडलं आहे. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी 1938 मध्ये हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. पेटीचे सूर ठरावीक जागी खिळलेले, तिला मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून ती हिंदुस्थानी संगीताला परकी, असा युक्तिवाद होता. त्यात तथ्यही होतं. पण मार्च 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर सरसकट बंदीच घातली आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. त्या तीन दशकांत गावोगावच्या भजनी मंडळांत, तालमींत, नाटकांत पेटी वाजतच होती, पण देशातल्या सर्वांत मोठ्या ध्वनिक्षेपकावर तिला जागा नव्हती. फोल्ड्स यांचा आक्षेप पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी गांभीर्याने घेतला. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या, गोविंदराव पटवर्धनांकडे शिकलेल्या या वादकाने बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली. टीका अशी कामाला आली, बंदी कामाला आली नाही.

दुसरं उदाहरण ज्याचे वडील मुंबईचे पारशी अभियंते होते, त्या कैखुस्रू सोराबजी या संगीतकाराचं. तो जन्मला, वाढला, राहिला इंग्लंडमध्ये. 1936 मध्ये आपल्या एका पियानो रचनेचं वाईट वादन झाल्यावर त्याने ठरवलं की आपली परवानगी नसेल तर आपलं काही कुणी वाजवायचं नाही. 1976 पर्यंत तो या बाबतीत अडूनच राहिला. त्याची दुसरी ऑर्गन सिंफनी 1932 मध्ये लिहून झाली होती. ती वाजवायला आठ तासांच्या आसपास लागतात. ती पहिल्यांदा संपूर्ण वाजवली केव्हिन बोयर याने, 2010 साली. तोवर तिच्याविषयी लोकांनी मतं मांडली ती कागद पाहून. कानांनी ऐकायला पाऊण शतक थांबावं लागलं.

म्हणून माझा आग्रह आहे की निकाल देणाऱ्याने आधी नीट ऐकून कानांचं कर्ज फेडावं. आपल्या हातात ते आहे. गोवंडीहून हार्बर लाइनने थेट सीएसएमटीला उतरा. तिथून पायी हॉर्निमन सर्कलला 1718 पासून उभं असलेलं सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. कुलाब्याला होली नेम कॅथेड्रलही आहे. दोन्ही ठिकाणी पाइप ऑर्गन आहेत. वर्षातून निदान एकदा, वादन असेल त्या दिवशी, तिथे बसून ऐकावं. सूर छातीत येतो म्हणजे काय, ते तेव्हाच कळतं. आणि एकदा कळलं की मोबाईलवरचं वादन ऐकतानाही, इथे काय राहून गेलंय, ते मन भरून घेतं.

कर्जाचा दुसरा हप्ता आपल्या स्वतःच्या ऑर्गनचा. विदोरचं एकट्याचं मुद्रण 1932 चं असून आज कुणीही ऐकू शकतो आणि त्यावर वाद घालू शकतो. आपल्या ऑर्गनवादकांच्या किती साथी गायकाच्या आवाजामागे पुसट मुद्रित झाल्या आणि किती मुद्रितच झाल्या नाहीत! राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याला आजही नवे पायपेटीचे ऑर्गन हाताने घडवले जातात. तरुण मुलं ते वाजवायला शिकतात. कुणा ओळखीच्याकडे जुनी कॅसेट असेल तर ती शोधून काढा. नाट्यपदांच्या मैफलीत कुणी ऑर्गन वाजवत असेल, तर माईक ऑर्गनजवळही ठेवा. वाजवणाऱ्याचं नाव, ठिकाण, तारीख लिहून ठेवा आणि मग ते लोकांपुढे आणा. त्यावर लोक बरंवाईट बोलतील. बोलू देत. ज्या वादनावर बोललं जातं ते ऐकलं जातं, आणि ऐकलं जातं तेच पुढच्या पिढीपर्यंत जातं.

जे ऐकलं ते शब्दांत सांगायचं आणि वाजवणाऱ्याची अडचण समजून सांगायचं, एवढी साधी शिस्त पाळली तर दाद देणारा माणूस संगीताचा साथीदार होतो. संगीत रंगभूमीच्या श्रोत्यांनी ते काम पिढ्यानपिढ्या केलं. हातात मोबाईल आला म्हणून आपण ते सोडायचं कारण नाही. उलट, आता जगभरचे ऑर्गन आपल्या दारात आलेत, तर आपल्या कानांनी त्यांच्या बरोबरीचं व्हायला हवं.