डिकीतला दुसरा संसार

मैत्रिणींनो, गाडीची डिकी शेवटची कधी रिकामी केली होती, आठवतंय? गेल्या रविवारी मी आमची केली. पाण्याचे दोन कॅन, सतरंजी, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या बॅटी, रद्दीचे गठ्ठे आणि गिरणीत द्यायची राहून गेलेली गव्हाची पिशवी! घरच्या काट्यावर सगळं मिळून ४५ किलो भरलं.

हे ओझं पेट्रोल खातं, बरं का! भरलेली कळशी उचलताना जोर लागतो, तसाच थांबलेली जड गाडी हलवताना इंजिनाला लागतो. सिग्नलला ब्रेक दाबला, की तो जोर उष्णता होऊन वाया जातो आणि पुढे पुन्हा नव्यानं खर्च! म्हणून शहरातल्या गर्दीत आणि घाट चढताना वजन जास्त नडतं. ढोबळ हिशेबानं ४५ किलोंमागे पेट्रोल एक टक्का जास्त जातं. महिन्याला ४,००० रुपयांचं पेट्रोल लागत असेल, तर ४० रुपये झाले. टपावरचा कॅरिअरही सहल संपली की उतरवून ठेवा. तो रिकामा असला तरी वारा अडवतो. लाल सिग्नल लांबून दिसला, की ऍक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढावा. टायरमधली हवा महिन्यातून एकदा तरी तपासून घ्यावी.

"आमची जुनी गाडी किती हलकी होती!" असं घरोघरी ऐकू येतं. खरंच आहे. १९८३ साली आलेली मारुती ८०० साधारण ६५० किलोंची होती. आजच्या कित्येक छोट्या गाड्या ८००-९०० किलोंच्या असतात. पण हे वाढलेलं वजन सगळंच फुकटचं नाही. त्यात एअरबॅगा आहेत, धडक सोसणारा मजबूत सांगाडा आहे. शिवाय इंजिनं सुधारल्यामुळे वजनाच्या मानानं पेट्रोलचा खर्च वाढलेला नाही. तेव्हा नवी गाडी घेताना मुलाबाळांच्या जिवाला जपणाऱ्या या वजनात काटकसर शोधू नका.

आणि हो, आवरण्याच्या भरात स्टेपनी, जॅक, पान्हा मात्र बाहेर काढू नका. रात्री मुलांना घेऊन परतताना आडरस्त्यावर चाक पंक्चर झालं, तर वाचलेले ते ४० रुपये फार महागात पडतील!

आमची गव्हाची पिशवी म्हणाल, तर ती डिकीतून निघून जिन्याखाली आली आहे. गिरणीत उद्या नक्की!