पुस्तकातल्या चान्या

बायांनो, स्वयंपाकाचे पुस्तक वाचताना कधी पोट धरून हसलात का? आमच्या घरी परवा हसलो. मधेच थोडे भांडलोही.

लग्नात मला कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ मिळाले होते. १९७० साली निघालेले हे पुस्तक नवख्या हाताला फार उपयोगी. पण ते लागेल तेव्हाच उघडायचे आणि पीठ लागलेल्या बोटांनी मिटायचे. खाण्यावरचे लिहिणे नुसते वाचायलाही मजेचे असते, हे कळले पु. लं.च्या ‘माझे खाद्यजीवन’मुळे. हसले खूप, फक्त आपल्या घरचे कालवण त्यात कुठे सापडले नाही. ते कुणी छापील असेही तेव्हा वाटले नव्हते.

ते छापले शाहू पाटोळे यांनी. त्यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. २०२४ साली भूषण कोरगावकरांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजे, कसे शिजे, ते यात आहे. नावातच खोडी! जेवणाआधीच्या श्लोकात अन्न पूर्णब्रह्म असते; यांनी पुढे एक ‘अ’ लावला. ज्यांच्या ताटात ते कधी पुरते आलेच नाही, त्यांनी दुसरे काय म्हणावे?

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्याच धाराशिवकडच्या. मामंजींना पिंपरीत काम लागले तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि येसराचे गाडगे घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून रात्री भाकरी झाल्यावर मी मोठ्याने वाचू लागले. येसूर आला तशा त्या सरसावून बसल्या. “का गं, हे बी छापतेत व्हय?”

तेल पळीभर, मटण मूठभर आणि खाणारी तोंडे दहा. रश्शाला दाटपणा आणायचा कशाने? तर धान्य आणि मसाले भाजून कुटलेल्या येसराने. याला मी तरी शोध म्हणते. पुढे रक्ती आली, वजडी आली. आमची कॉलेजातली लेक नाक मुरडत होती, पण उठून काही गेली नाही.

मग चान्या आल्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायच्या आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून खायच्या. आत्याबाई एकदम म्हणाल्या, “बंद कर. खिडकी उघडी हाय. बाबांनी सोडाया लावलं, आता कशाला उगाळायचं?”

त्यांचेही खरेच होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. लोकांनी उपाशी राहू, पण ते खाणार नाही म्हणत सोडले. ते मांस गावकीच्या कामाच्या बदल्यात पदरात पडायचे. सोडले ते त्या लाचारीसकट. मग ते चवीने वाचायचे का? मी म्हटले, “आत्याबाई, खा कोण म्हणतंय? पण तुमच्या आईनं त्यात तुम्हाला वाढवलं, ते खोटं का?” त्या बोलल्या नाहीत. मी पुस्तक मिटले.

दुसऱ्या रात्री त्यांनीच खिडकी लावली आणि म्हणाल्या, “वाच.” वाचताना मध्येच त्यांना आठवले की, लहानपणी चान्यांवर राखण करायला त्यांना बसवत. कावळ्यांना हाकलता हाकलता अर्धी दोरी यांनीच फस्त केली आणि आईला सांगितले, कावळ्याने नेली! सांगता सांगता त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. लेक विचारते, “आज्जी, मग कावळ्याला मार पडला का?”

पाटोळ्यांच्या लिहिण्यात मला हेच आवडते. दया मागत नाहीत, लपवत नाहीत, आणि चिमटा काढायचा तिथे बरोबर काढतात. एक तक्रार मात्र आहे. रात्री साडेदहाला वाचले की भूक लागते.

आमचा मुलगा चाकणला कामाला आहे. डब्यात सुकट नेली म्हणून कुणीतरी नाक दाबले, तेव्हापासून तो बटाट्याचीच भाजी मागायचा. परवा तो हे पुस्तक कंपनीच्या बसमध्ये वाचायला घेऊन गेला. शेजारी बसणाऱ्या परभणीच्या पोराने ते मागून घेतले, त्याच्याकडून आणखी कुणी नेले. आठ दिवस झाले. आत्याबाई रोज शिफ्ट सुटायच्या वेळेला दारात बसतात आणि तो चप्पल काढायच्या आत विचारतात, “आलं का रे पुस्तक?”